पुत्रदा एकादशीचा चोर

१

पुरबाई केराईच्या घरी चोरी झाली आणि कुलूप एकही तुटलं नाही.

कुलपांचं पुरबाईला कुणी शिकवू नये. भुजपासून तासाभरावरच्या वडझर गावात तिच्या ओसरीच्या भिंतीवर अर्ध्या गल्लीच्या किल्ल्या टांगलेल्या होत्या. माणसं लंडनला, नैरोबीला, पर्थला, आणि घरं इथं. रंगवलेली, फरशी बसवलेली, बंद. आठवड्याला एकदा पुरबाई आणि तिची सून जसू एकेक दार उघडायच्या, झाडायच्या, देवापुढं दिवा लावायच्या आणि पुन्हा कुलूप घालायच्या. इतक्या वर्षांत कुणाची वाटीसुद्धा जागची हलली नव्हती. आणि आता तिच्याच घरातून तिचंच नाव गेलं.

बुधवार होता. पौषातली पुत्रदा एकादशी. पुरबाई उपासाच्या थाळीसाठी रताळी सोलत बसली होती.

"बा, चॅनल उघडत नाहीये," जसू फोन घेऊन आली.

"मग ढकल."

"ते काय दार आहे ढकलायला? कुणीतरी आतून किल्ली बदललीय. आपले सगळे व्हिडिओ गेले. एकच फोटो राहिलाय, तोही आपला नाही."

'पुरबाची चूल' हे चॅनल जसूनं चालवायला घेतलं होतं. जसूनं फोन धरायचा, पुरबाईनं रांधायचं आणि रांधता रांधता जगाला झोडपायचं. "काय ते पोळ्यांचे आकार तुमचे! आफ्रिकेचा नकाशा लाटता का?" परदेशात विखुरलेला सगळा गाव या शिव्या खायला बसलेला असायचा. आणि दर एकादशीला थाळी दाखवायचा चॅनलचा नेम होता. आदल्या दिवसापासून विचारणा सुरू व्हायची. बा, आमची एकादशी कधी? पुरबाईचं उत्तर ठरलेलं. "ज्या आभाळाखाली निजता त्याच्याच सूर्यानं उपास धरा. तुमचा सूर्य उगवला तेव्हा जी तिथी, ती तुमची. पोट लंडनला आणि पंचांग कच्छला, असं चालायचं नाही."

या खेपेला तसंच झालं होतं. मंगळवारी वडझरला सूर्य उगवला तेव्हा दशमी होती, चहा पिऊन होतो न होतो तोच एकादशी लागली. म्हणून पश्चिमेकडच्यांचा, लंडन-नैरोबीचा उपास मंगळवारी आणि इथला बुधवारी.

पुरबाईनं चष्मा लावून फोटो पाहिला. स्टीलचं ताट, भगर, कढी, रताळ्याचा कीस. भगरीवर तुळशीचं पान. खाली लिहिलेलं, 'आज पुत्रदा एकादशी. नेम मोडू नका.'

"आज सकाळीच टाकलाय," जसू म्हणाली.

"मेला चोर तो चोर," पुरबाई उठून उभी राहिली, "आणि वर मला नेम शिकवतो!"

२

ठाण्यातला फौजदार भला माणूस होता. त्यानं पुरबाईला खुर्ची दिली आणि स्वतः घामाघूम झाला.

"बा, चोरी झाली कुठं?"

"माझ्या घरात."

"पण वस्तू तर घरात नव्हती. ती वस्तू अमेरिकेतल्या कुठल्याशा यंत्रात. चोर समजा लंडनला बसला असेल, तर चोरी लंडनची का अमेरिकेची? माझी हद्द नाल्यापर्यंत आहे हो. मी पंचनामा कशाचा करू?"

"माझ्या तोंडाचा कर. ते इथंच आहे."

जसूनं सासूला ओढत बाहेर आणलं आणि दोघी भुजला रुकैया खत्रीकडं गेल्या. रुकैया वकील. तिच्या आईचं आणि पुरबाईचं जुनं येणंजाणं. पोरीनं सगळं नीट ऐकून घेतलं, मधे तोंड घातलं नाही. पुरबाईला त्याचंच बरं वाटलं.

"बा, कायद्याला आधी घर लागतं," रुकैया म्हणाली. "माणूस राहतो कुठं आणि काम घडलं कुठं, यावर ठरतं कुठलं कोर्ट. हे नियम बैलगाडीच्या काळातले. बैलगाडीतला चोर एका वेळी एकाच गावात असायचा. हा कुठंही असेल. चॅनलवाली कंपनी सांगू शकते, पण त्यांच्या देशाच्या कोर्टाचा हुकूम आणल्याशिवाय सांगणार नाही. त्यात महिने जातील."

"तोवर तो माझ्या नावानं काय काय करील?"

"म्हणून तो बसलाय कुठं ते आपणच शोधू. ते कळलं की दार ठोठावायचं मी बघते. किल्ली कुणाकुणाला ठाऊक होती?"

जसूनं खालमानेनं सांगितलं. तिघांना. तिला स्वतःला. तिच्या नवऱ्याला, म्हणजे पुरबाईचा एकुलता एक मुलगा धीरज, त्याचं नैरोबीला हार्डवेअरचं दुकान. आणि लंडनच्या लालजीला, म्हणजे पुरबाईच्या धाकट्या दिराला. त्यानंच सुरुवातीला सगळं लावून दिलं होतं.

तीन माणसं, तीन सूर्य. आणि तिघंही घरचीच. पुरबाईला वाटलं, बाहेरचा दरोडेखोर असता तर बरं झालं असतं. त्याला निदान मन भरून शिव्या देता आल्या असत्या.

३

संध्याकाळी नैरोबीला फोन लावला. पडद्यावर धीरज दिसला, मागं गॅलरी, गॅलरीत तरारलेली तुळस. पुरबाईची नजर आधी तिकडंच गेली.

"तुळस छान आलीय रे."

"इथली माती सोनं आहे बा. पण हे चॅनलचं काय झालं? पुनमेच्या आत सापडेल ना?"

"सापडेल तेव्हा सापडेल. तू कुणाला किल्ली दिलीस?"

"मी? नाही! कुणालाच नाही. बा, तू पोलिसांत कशाला गेलीस? उगाच गावभर."

"माझं नाव गावभरच होतं. गेलं तेही गावभर कळू दे."

धीरज कान खाजवू लागला. लहानपणी पतंगाचा मांजा लपवला की असाच कान खाजवायचा.

मग लंडन. लालजी म्हातारा झाला होता. जन्मभर बस चालवून आता एकटा राहत होता. पुरबाई लग्न होऊन आली तेव्हा तो तिच्या पदराला धरून झोपणारा पोरका पोर होता. सासू मेलेली. तिनंच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवला, आणि विमानात बसवून दिला तेव्हा तिच्याच डोळ्याचं पाणी खळत नव्हतं. पलीकडच्या बंद घराची किल्ली त्याची. तिथं मात्र ती आठवड्यानं नाही, रोज दिवा लावायची.

"जय स्वामिनारायण, भाभी. तब्येत?"

"माझी तब्येत चोरानं नेली. तुझं काय? थंडी आहे?"

"हाडं वाजतायत. कुंडीतली तुळस पण गेली बघा थंडीनं. आता उन्हाळ्यात लावीन नवी."

"चॅनल कुणी नेलं असेल रे?"

लालजीनं हीटर उगाच वरखाली केला. "भाभी, ज्यानं नेलं त्याला तुमचं वाईट करायचं असेल असं मला नाही वाटत."

"तू चोराची वकिली कधीपासून करायला लागलास?"

लालजी हसला, पण त्या हसण्यात जीव नव्हता. जसूनं ते पाहिलं आणि पुरबाईनंही. पण चोर आपला म्हणायला जीभ कुणाची उचलते?

४

गुरुवारी उपास सुटायच्या वेळेला मेघबाई आली. मेघबाई शेजारीण. तिचं तोंड म्हणजे गावाचा भोंगा; बातमी आत गेली की चौपट होऊन बाहेर.

"पुरबाई, तुझ्या दिरानं तर धर्म बुडवला! माझी भानू त्याच्याच गल्लीत राहते लंडनला, तुला ठाऊक आहे. मंगळवारी तिकडची एकादशी. मंडळाच्या हॉलवर फराळ होता, म्हणून भानू बोलवायला गेली, तर हा गृहस्थ ताट मांडून खिचडी ओरपतोय! मुगाची! तांदळाची! एकादशीला!"

"भानूला चष्मा लागलाय."

"चष्म्यातून खिचडी साबुदाणा दिसत नाही." मेघबाईनं आवाज उतरवला, म्हणजे आता गल्लीच्या टोकापर्यंतच जाणार होता. "ते जाऊ दे. तुझ्या चोराचं मी बसल्या जागी काढलंय. फोटो पडला कधी? बुधवारी. 'आज एकादशी' म्हणून. नैरोबीची कधी झाली? मंगळवारी. लंडनची? मंगळवारी. बुधवारची एकादशी एकट्या आपल्याकडची. म्हणजे फोटो टाकणारा इथं बसलाय. तुझाच नियम, पुरबाई! आणि इथं किल्ली कुणाकडं होती?"

तिनं स्वयंपाकघराकडं हनुवटी केली. आत भांडी वाजायची थांबली.

"बिचारीला नवऱ्याकडं जायचंय. चॅनल आहे तोवर सासू सोडत नाही. मग चॅनलच नाहीसं केलं. मी काही वाईट बोलत नाहीये, माणसाचं मन आहे."

मेघबाई गेली. जसू दारात येऊन उभी राहिली, हात ओलेच.

"बा, तुम्हालाही तसंच वाटतं?"

पुरबाईनं लगेच उत्तर द्यायला हवं होतं. ते तिच्याकडून झालं नाही. हिशेब बरोबर होता, तिच्याच नियमानं. जसूनं तेवढं एक क्षणाचं थांबणं पाहिलं आणि काही न बोलता खोलीत जाऊन पेटी ओढली.

५

पुरबाई अंगणात तुळशीपुढं जाऊन बसली. तुळस कसली, झुडूपच ते. वाऱ्यावर हलत होती, हात लावला की वास बोटांना.

तिनं फोन पुन्हा उघडला. एवढं तिला येत होतं. फोटो दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला. भगर नीट शिजलेली. कढीला जिऱ्याची फोडणी. भगरीवरचं पान मात्र काळपट, कडा आत वळलेल्या.

"जसू!" ती ओरडली. "पेटी राहू दे. इकडं ये आधी. हे पान बघ."

"वाळलेलं आहे."

"शिळं म्हण."

"शिळं नाही बा. शिळं पान मऊ पडतं. हे कधीचं खुडून डब्यात भरून ठेवलेलं आहे."

"मग मला सांग, अंगणात एवढी तुळस असताना या गावातली कुठली बाई देवाच्या थाळीवर वाळकं पान ठेवील? मेघबाईसुद्धा ठेवणार नाही. आणि धीरजच्या गॅलरीत काल तुळस दिसली ना, हिरवीगार? वाळकं पान कोण ठेवतं? ज्याची तुळस थंडीनं गेली तो."

जसूचा चेहरा बदलला. "पण लंडनची एकादशी मंगळवारी होती."

"होती. आणि मंगळवारी त्यानं काय खाल्लं?"

जसूनं बोटांवर वार मोजले. मग जसूच हळूच म्हणाली, "खिचडी."

"धर्म नाही बुडवला त्यानं. त्याचा उपास दुसऱ्या दिवशी होता. तिथं राहून इथल्या सूर्यानं धरतो." पुरबाई तुळशीकडं वळली. "किती वर्षं धरत असेल कोण जाणे. मला कधी बोलला नाही. बोलला असता तर मी शिव्या घातल्या असत्या."

तिनं पदरानं नाक पुसलं आणि लंडन लावलं.

"लालजी," ती म्हणाली, "मंगळवारच्या खिचडीवर तूप होतं का रे?"



६

"भानूनं सांगितलं?"

"तुझ्या वाळक्या पानानं सांगितलं. चोरी करायची तर करायची, वर थाळी कशाला मांडलीस?"

"भाभी, चॅनलचा एकादशीचा नेम कधी चुकला नव्हता. माझ्या हातून चुकला असता तर..." तो अडखळला. "एवढी मोठी पापं एका दिवसात दोन दोन कशी करू?"

पुरबाईला हसू आलं आणि ते तिनं गिळलं. "का घेतलंस ते सांग."

"ते विचारू नका. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"भाभी, तुम्ही मला मारा, वाळीत टाका. चॅनल सुखरूप आहे, तुमचे सगळे व्हिडिओ झाकून ठेवलेत, एकही पुसला नाही. पण मी सांगणार नाही."

बसवाला माणूस. थांबा आला तरच दार उघडणार. पुरबाईनं फोन ठेवला. लालजी शब्द देईल अशी माणसं जगात कितीशी असणार? आणि कुणाच्या वाट्याच्या शिव्या तो स्वतःच्या अंगावर घेईल? मग तिला कालचं आठवलं. पुनमेच्या आत सापडेल ना. पुनमेचं काय होतं? तिचा जन्म पौषी पौर्णिमेचा, हे धीरजला दर वर्षी जसूनं आठवण करून द्यावी लागायची. या वर्षी त्याला आपणहून कशी आठवली?

तिनं नैरोबी लावलं.

"धीरज, कान खाजवू नकोस. पुनमेला काय आहे?"

मुलानं खुर्ची ओढली आणि सगळं सांगून टाकलं. एका मसाल्याच्या कंपनीनं त्याला गाठलं होतं. तुमच्या आईचं चॅनल मोठं करतो, जगभर नाव करतो, पुनमेला आमच्याकडं सोपवा. "बा, वाढदिवसाला तुला चकित करणार होतो. फोनवर मान्य म्हणून दाबलं. लालजीकाकांना कागद पाठवून दिला, म्हटलं बघा, पण बाला सांगू नका, तुम्हाला माझी शपथ."

"तू वाचलास तो कागद?"

"कोण वाचतं बा ते सगळं?"

"जो वाचतो त्याला मी चोर म्हटलं," पुरबाई म्हणाली.

७

रुकैयानं कागद शेवटपर्यंत वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"बा, यात तुमचं नाव जातं, चेहरा जातो आणि आवाजही. हे लोक यंत्राला तुमचा आवाज शिकवतील आणि मग तो त्यांना हवं ते बोलेल."

"म्हणजे मी कांदा-लसणाचं लोणचं विकणार?" जन्मात कांद्याला न शिवलेल्या पुरबाईनं कपाळाला हात लावला.

"तुमचं तोंड विकेल. तुम्हाला विचारणारही नाहीत. आणि तक्रार असेल तर ती एका बेटावरच्या कोर्टात करायची, असं इथं खाली बारीक अक्षरात आहे."

"कुठलं बेट?"

"तुमचंही नाही, त्यांचंही नाही. मधल्या समुद्रातलं. कुणी पोचू नये म्हणूनच निवडलेलं." रुकैयानं कागद बाजूला सारला. "चॅनल तुमच्या नावावर आहे, धीरजभाईंची मान्यता ती तुमची नव्हे. म्हणजे खटला आपण जिंकलो असतो. पण पुनमेला एकदा चॅनल त्यांच्या हातात गेलं असतं, की तुम्ही बेटाबेटांवर दारं ठोठावत फिरला असता. लालजीकाकांनी आधी उचललं म्हणून ते घरात राहिलं. आता ज्याला हवं त्यानं तुमच्या दारी यावं. वहिवाट तुमची, राहणं तुमचं, कोर्ट भुजचं."

"पोरी, तू नसतीस तर मला हे शेवटपर्यंत कळलं नसतं," पुरबाई म्हणाली. असं वाक्य तिच्या तोंडून निघालं की जवळची माणसं घाबरतात. जसूनं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

रुकैयानं नोटीस धाडली. पुनमेला कंपनीचा माणूस फोनवर आला, गोड इंग्रजी हिंदी मिसळून बोलला, करार, नुकसान, परिणाम वगैरे. पुरबाईनं सगळं ऐकलं.

"बाळा, भुजचं कोर्ट साडेदहाला उघडतं. येताना जेवून येऊ नकोस, आमच्याकडं जेव. मग बोलू."

तो आला नाही. दोन ओळींचा निरोप आला, गैरसमज झाला, प्रकरण बंद.

८

धीरजला पुरबाईनं काय सुनावलं ते गल्लीनं ऐकलं, इथं लिहायची गरज नाही. सुनावून झाल्यावर तिनं विचारलं, जेवलास का, आणि तो रडला.

जसूची पेटी पुन्हा माळ्यावर गेली. सासूनं माफी मागितली नाही. ती तिच्या खानदानात कुणी मागितली नव्हती. पण त्या दिवशी जसूच्या बाजरीच्या रोटल्यावर तूप इतकं होतं की रोटला दिसेना. "बा, मी काय घोडा आहे?" "खा. घोड्यापेक्षा जास्त राबतेस." आणि जाता जाता, पाठ वळवूनच, "धीरजला सांगितलंय, उन्हाळ्यात जसूला तिकडं बोलाव. मी किल्ल्या सांभाळीन. मेघबाई आहेच फोन धरायला."

लालजीनं चॅनलची नवी किल्ली पाठवली. जसूनं ती लिहून घेतली, पण पुरबाईनं लालजीला ती विसरू दिली नाही.

"एक तुझ्याकडं ठेव," तिनं लंडनला सांगितलं. "सगळ्या गावाच्या किल्ल्या माझ्या भिंतीवर आहेत. माझी एक कुणाकडं तरी नको?"

"भाभी, मी चोर आहे."

"म्हणूनच. चोराच्या घरात चोरी होत नाही. जेवलास का?"

"जेवलो."

"खोटं बोलू नकोस, तुझ्याकडं आत्ता दुपार पण झाली नाही."

पुढच्या एकादशीच्या आदल्या दिवशी जसूनं विचारलं, बा, व्हिडिओ कुठं काढायचा, नेहमीच्या चुलीपाशी? पुरबाईनं भिंतीवरची लालजीची किल्ली काढली. पलीकडचं घर उघडलं, खिडक्या उघडल्या, त्याच्या आईच्या चुलीवर भगर चढवली. विचारणा सुरू झालीच होती. बा, आमची कधी?

"ज्या आभाळाखाली निजता त्याच्याच सूर्यानं धरा," पुरबाई फोनकडं बघून म्हणाली. "हे मी वर्षानुवर्षं सांगत आले आणि ते बरोबर आहे. पण आमच्यातला एकजण तिकडं निजतो आणि इथल्या सूर्यानं उपास धरतो. मी देवाला विचारलं, तर देव म्हणाला, त्याचं चालेल." ती थांबली, अंगणात गेली, हिरवं पान खुडून आणलं आणि भगरीवर ठेवलं. "लालजी, हे तुझ्या घरातलं ताट आहे. तू घरी येशील तोवर यावर रोज ताजं पान मी ठेवीन. तू वाळकं ठेवू नकोस, लगेच सापडतोस."